काकूला दिसेल असा मासा

बाजारातले दुकानदार माझ्या काकांना 'पासंग' म्हणायचे. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना एक पारडं जे किंचित खाली झुकतं, तो झुकाव म्हणजे पासंग. काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि तेहतीस वर्षं त्यांनी तो झुकावच शोधला. ते दुकानाच्या पायरीवर दिसले की दुकानदार आधी पारडं पुसायचा आणि मग कपाळ. काका लाच घेत नसत, दमही देत नसत. ते फक्त थांबत. पितळी वजनांची पेटी उघडून, चिमट्याने एकेक वजन उचलून ठेवत आणि काटा पुरता स्थिर होईपर्यंत असे थांबत, की एका वाण्याने एकदा हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, दंड करा, पण लवकर करा."

निवृत्त झाल्यावर माणूस बदलतो म्हणतात. काका बदलले नाहीत, त्यांचा बाजार फक्त घरात आला. स्वयंपाकघरातला 'एक चमचा' दर वेळी वेगळा कसा भरतो हे ते काकूला समजावून सांगायचे, आणि तो चमचा आता त्यांना कुठे फेकून मारला जाईल हे काकू त्यांना समजावून सांगायची. मी त्याच इमारतीत एक मजला वर राहते. त्यांची भांडणं मला जिन्यातून फुकट ऐकायला मिळत. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एका वेळी सहा-सहा जणांना तोंड दिलेली बाई ती, एका नवऱ्याला गप्प करणं म्हणजे तिच्या हातचा मळ.

काकांमध्ये एक खोट मात्र खरीच होती, आणि ती कुठल्याच वजनाने मोजता येण्यासारखी नव्हती. ते दर वेळी अचूक वस्तू आणत आणि दर वेळी ती चुकीची असे. काकूने पिवळी छत्री मागितली, त्यांनी काळी आणली, कारण काळीचा घेर चार इंच जास्त होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा काकू म्हणाली, एकदा समुद्रावर जाऊ, खोलीतून समुद्र दिसला पाहिजे. काकांनी चार हॉटेलांना पत्रं लिहून अंतरं मागवली आणि समुद्रापासून बेचाळीस मीटरवरची खोली घेतली. त्याहून जवळची खोली त्या किनाऱ्यावर नव्हती. खिडकी गाड्या लावायच्या अंगणाकडे होती. काकू तीन दिवस गाड्या बघून परत आली आणि पुढची अनेक वर्षं येईल त्याला सांगत राहिली, "मी मागते एक आणि हे आणतात बरोबर."

गेल्या वर्षी काकू माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून पडली. पाठीच्या मणक्याला चीर गेली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चार महिने आडवं. एक पातळ उशी, त्याहून वर डोकं नाही. कुशीवर वळवायचं तेही दुसऱ्याने, दोन्ही हातांनी, ओंडका वळवावा तसं. आजारी माणसाची ती उंच-ठेंगणी होणारी खाट आतल्या खोलीच्या दारातून जाईना, म्हणून बाहेरच्या खोलीतच लावली आणि खाली केली ती खालीच राहिली.

पहिला आठवडा काकू कण्हली. दुसरा आठवडा चिडली. तिसऱ्या आठवड्यापासून गप्प झाली. तिची सेवा करणारी नर्सबाई म्हणाली, फार सोशिक पेशंट आहे हो. काकूला कुणी सोशिक म्हणावं, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर काका माझ्या दारातल्या पायरीवर बसलेले. मला वाटलं किल्ली विसरले.

"ती भांडत नाही गं," ते म्हणाले.

"मग चार दिवस सुखाने राहा की," मी म्हटलं. मी अशीच बोलते. दिवसभर उभं राहून पाय दुखले की आणखी बोलते.

"काल मी मुद्दाम म्हटलं, तुझ्या बहिणीशी फोनवर चौदा मिनिटं बोललीस. म्हणाली, असतील." काकांनी चष्मा काढला. "'असतील' म्हणाली गं. मी एकोणीस म्हटलं असतं तरी तेच म्हणाली असती."

काकांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पासंग शोधणारा माणूस तो, त्याच्या समोरचं पारडंच कुणीतरी काढून नेलं होतं.

त्याच सुमारास तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी जागा बदलली. त्यांच्या वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी होती. दात काढायला आलेल्या माणसाने धास्ती विसरावी म्हणून ठेवलेली. डॉक्टरांनी तिच्यातले मासे नव्या जागेच्या मोठ्या टाकीत नेले. उरलेली टाकी त्यांनी आतल्या खडकांसह, प्रवाळांसह, दोन गोगलगायी आणि शंखातला एक खेकडा यांच्यासह काकांना देऊन टाकली. टाकी लांबट होती, पण उथळ. काकूच्या उशाशी कमरेएवढं लोखंडी कपाट होतं, त्यावर ती ठेवली. जागाच अशी की टाकीची अरुंद बाजू खाटेकडे आली आणि लांब बाजू खोलीकडे.

काकांना मीठ मिळालं, पाणी मिळालं, तापमापक मिळाला. मोजायला इतकं सगळं एकाच वस्तूत आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. टाकीवर ऐंशी लिटर छापलेलं, त्यांनी मापाने भरून, खडकांची जागा धरूनही, एकाहत्तर काढले आणि बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहायला घेतलं. मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून पाण्याची तपासणी माझ्या गळ्यात पडली. दिवसाला शंभर जणांचं रक्त तपासून यायचं आणि घरी दगडांनी पाण्यात काय सोडलं ते बघायचं. नळीत थेंब टाका, हलवा, रंग जुळवा. काका शेजारी घड्याळ घेऊन उभे.

काकू टाकीकडे बघत पडलेली असे. चौथ्या दिवशी ती बोलली.

"यात मासा नाही?"

"आता नाही. खडक जिवंत आहेत, पण ते..." काकांनी सुरुवात केली.

"एक असू दे," काकू म्हणाली. "मला दिसेल असा."

काका मला हाताला धरून गॅलरीत घेऊन गेले. "मागितलं तिने," ते कुजबुजले. "अडीच महिन्यांत काही मागितलं नव्हतं. या वेळी चूक झाली तर ती परत मागणार नाही." मी नेहमीसारखा काहीतरी टोमणा मारणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. आयुष्यभर तोळा आणि मासा मोजणाऱ्याच्या नशिबी शेवटी नुसता मासा आला, हा विनोदही मी गिळला.

शितावरून भाताची परीक्षा काकांना कधीच मान्य नव्हती, ते अख्खं पातेलं उपसणारे. आधी त्यांनी काकूला काय दिसतं ते ठरवायला घेतलं. तिला एक्स-रेसाठी स्ट्रेचरवरून नेलं त्या सकाळी नर्सबाई सोबत गेली, आणि काका मागे राहून काकूच्या खाटेवर आडवे झाले. एक पातळ उशी, मान अगदी तिच्यासारखी. मी टाकीशी कागदाच्या पट्ट्या आणि चिकटपट्टी घेऊन उभी. पंप घुर्र करत होता.

"खाली. अजून खाली. थांब. आता डावीकडे. हा मधला दगड आडवा येतो, त्याच्या मागचं काही दिसत नाही."

"आणि वर?" मी विचारलं.

"वर सोड. वर नुसती चमक आहे, डोळ्यांवर येते. झाकून टाक."

शेवटी काचेवर पट्ट्यांची एक चौकट उरली, खालच्या उजव्या कोपऱ्यात, जेमतेम वीतभर. काकांनी ती वहीत काढली. वरच्या भागावर तिरक्या रेघा मारून लिहिलं, 'निरुपयोगी.' मग पट्ट्या काढल्या. आता प्रश्न एवढाच होता, की या वीतभर जागेत, दिवसाउजेडी, न सांगता कोणता मासा येऊन बसेल.

प्रश्न ऐकायला वेड्यासारखा होता, पण खरं सांगते, मलाही त्याचा नाद लागला. माशाला आपण सुंदर की कुरूप एवढंच विचारतो. तो दिवसभर कुठे असतो, कुणाला घाबरतो, झोपायला कुठे जातो, हे कोण विचारतं? रस्त्याच्या टोकाला समुद्री माशांचं दुकान होतं. चालवणाऱ्या बाई उंच, बाह्या कोपरापर्यंत कायम ओल्या, बोलताना गिऱ्हाइकाकडे नाही तर टाक्यांकडे बघायच्या. काका तिथे पहिल्या आठवड्यात पाच वेळा गेले. तीन वेळा मी बरोबर होते.

नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा जो मासा सगळ्यांना आधी आठवतो, तो बाईंनी आधी दाखवला. कणखर, खातो-पितो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. काकांनी विचारलं, "राहतो कुठे?"

"त्याला आवडेल तिथे. एखादा कोपरा धरतो आणि मग तिथेच डुलत राहतो."

"कोपरा कोण ठरवतं?"

"तोच ठरवतो, साहेब. आपण नाही."

वहीत फुली पडली. मग एक लालशेपट्या, डोक्यावर पांढरा तुरा उभारून पाण्यात अधांतरी तरंगणारा. काका त्याच्या समोरून हलेनात. पण तो दचकला की उडी मारतो, जाळी नीट नसेल तर सकाळी जमिनीवर सापडतो. फुली. मग तो, ज्याला बघून माझ्याच तोंडून 'अगंबाई' निघालं: हिरव्या-निळ्या नक्षीचा, रेशमावर कुणी पेनाने वेलबुट्टी काढावी तसा. वाळूवरून हळूहळू चालतो, खालीच राहतो, सगळं जुळत होतं. बाईंनीच मान हलवली.

"हा दिवसभर दगडांवरचे बारीक जीव टिपतो. दुसरं काही फारसं खात नाही. तुमच्या टाकीतले जीव पंधरा दिवसांत संपतील, आणि मग तो तुमच्या घरच्या बाईंच्या डोळ्यांसमोर वाळत जाईल. मी विकणार नाही."

दुकानदाराने स्वतःहून माल नाकारलेला काकांनी तेहतीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी त्या दिवसापासून बाईंना 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली.

संध्याकाळी ते यादी काकूला वाचून दाखवत. ती पडल्या पडल्या ऐके, की ऐकत नसे, कळत नव्हतं. एका निळ्या माशाशी ते पोचले. "हा देखणा आहे, स्वस्थ बसतो, पण फार भांडखोर. लहान जागेत दुसऱ्याला जगू देत नाही."

"मग घरातलाच झाला की," काकू म्हणाली.

काका आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. पुढे काही आलं नाही, तिने डोळे मिटून घेतले होते. काकांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, माशाच्या नावासमोर, आणि खाली तारीख घातली.

अखेर बाईंनी एका टाकीच्या तळाशी बोट दाखवलं. पिवळट, बोटाएवढा, जाड ओठांचा, आणि चेहऱ्यावर कायमची आठी. वॉचमन गोबी. बिळाच्या तोंडाशी बसतो आणि राखण करतो. दिवसा जागा, रात्री आत. समुद्रात याचं एका कोळंबीशी साटंलोटं असतं, ती जवळजवळ आंधळी, बीळ ती खणते, हा दाराशी उभा राहतो आणि तिची मिशी याच्या अंगाला लागलेली असते. हा दचकला की तिला कळतं. कोळंबी नसली तरी याचं अडत नाही.

"जागा सोडत नाही?" काकांनी विचारलं.

"एकदा धरली की सहसा नाही."

"दिवसाचे किती तास बाहेर?"

"साहेब, तो ऑफिसला जात नाही," बाई म्हणाल्या. "पण असतो बराच वेळ."

काका घरी आले ते पिशवी दोन्ही हातांनी धरून. त्यांनी आधीच काचेच्या त्या वीतभर कोपऱ्यात प्लंबरकडची एक पांढरी नळी वाळूत पुरून ठेवली होती, तोंड बरोबर काकूच्या उशीकडे. बीळ तयार, दार तयार, फक्त राखणदाराने रुजू व्हायचं. माशाला सवय व्हावी म्हणून टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडायला तासभर लागला, थेंब काकांनी मोजले. मग मासा सोडला. तो नळीसमोर उतरला, आठी घालून नळीकडे बघत राहिला. आणि मग त्याने शेपटीचा एक फटकारा मारला आणि मधल्या दगडाच्या मागे गेला.

गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. काका सकाळ-संध्याकाळ पंप बंद करून दहा मिनिटं खाणं टाकत, म्हणजे ते वाहून जात नाही, आणि लांब बाजूच्या काचेला नाक लावून उभे राहत. खाणं संपे, पण ते गोगलगायी आणि खेकडाही संपवत असतील. बॅटरी मारली, तर दगडाच्या मागे अंधार. दुकानातल्या बाई म्हणाल्या, धीर धरा, तुम्ही तोंड घालून उभे राहता म्हणून लपतो.

"मला नाही दिसला तरी चालेल हो मॅडम," काका म्हणाले. "तिला दिसायला हवा."

मी या प्रकरणात शहाण्यासारखी वागले असं सांगायला मला आवडलं असतं. आठव्या दिवशी नर्सबाईंनी मला जिन्यात थांबवलं. काकू आता भिंतीकडे कूस वळवू देत नव्हती. सतत टाकीकडेच तोंड, खांदा लाल झाला होता. मी तडक खाली जाऊन काकांवर तोंड सोडलं. म्हटलं, ती बिचारी तुमच्या त्या रिकाम्या टाकीकडे डोळे लावून पडलीय. एक मासा मागितला होता तिने. छत्री घ्या, खोली घ्या, मासा घ्या, तुम्ही सगळं मोजाल आणि चुकीचंच आणाल. काकांच्या हातात मीठ तोलायचा काटा होता, तो त्यांनी खाली ठेवला.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मला खालून हाक आली. खोलीत तीन बादल्या मांडलेल्या, एक छोटी जाळी, आणि काका बनियनवर, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. सगळे दगड काढायचे, मासा पकडायचा, दुकानात परत द्यायचा, आणि कोपरा धरून डुलणारा तो नारिंगी मासा आणायचा. दिसेल तेवढा दिसेल. प्रवाळ एकमेकांवर रोवलेले, दगडांत वर्षांची घडी बसलेली, एकदा उचकटलं की ते तसं परत लागत नाही, हे काकांनाही माहीत होतं. त्यांनी पंप बंद केला. मी बॅटरी धरली. पाणी हळूहळू शांत झालं. काकांनी हात आत घातला आणि मधल्या दगडाला बोटं लावली.

"हात बाहेर काढा!"

तो आवाज मी तीन महिन्यांत ऐकला नव्हता. एक्स्चेंजमध्ये एका वेळी सहा जणांना गप्प करणारा आवाज. काकांचा हात इतक्या झटक्यात बाहेर आला की पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"अगं, तो आहे की मेला तेही..."

"आहे! तुम्ही हात घातलात म्हणून आत पळाला. आत्ताच दार नीट करून बसला होता. आता पुन्हा सगळं पाडलंत."

"कुठे बसला होता?"

"मागे. दगडाच्या मागे."

"मागचं तुला दिसत नाही," काका म्हणाले. त्यात उर्मटपणा नव्हता, त्यांच्याकडे वहीत आकृती होती. "मी स्वतः तिथे झोपून पाहिलंय."

"छताला बघा ना!"

आम्ही दोघांनी माना वर करून खोलीच्या छताकडे पाहिलं. काकूने जिवाच्या आकांताने डोळे फिरवले, कारण डोकं हलवायला तिला बंदी होती.

"ह्या नव्हे, त्याच्या छताला! पाण्याच्या! तुम्ही उभे आहात, तुम्हाला कसं दिसेल? इथे खाली या. मघापासून पंप बंद आहे ना? मग बघा."

काका गुडघ्यांवर बसले आणि डोकं काकूच्या उशीला लावलं. मी दुसऱ्या बाजूने वाकले. खालून वर पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग आतल्या अंगाने चांदीच्या पत्र्यासारखा दिसत होता. पंप चालू असला की तो थरथरतो, आणि मग नुसती चमक उरते. आता, रोजच्या खाणं टाकायच्या दहा मिनिटांसारखाच, तो निश्चल होता, आणि त्यात सगळी टाकी उलटी टांगलेली. दगडाचा माथा, आणि माथ्यावरून पलीकडे, अगदी पलीकडची वाळू. गच्चीवरून शेजारच्या अंगणात डोकावावं तसं. वाळूत एक खळगा होता, त्याच्या कडेला शिंपल्यांचे तुकडे नीट लावलेले. आम्ही बघत असतानाच एक पिवळं आठ्याळ तोंड बाहेर आलं, गालभर वाळू थुंकलं आणि आत गेलं.

"हा," काकू म्हणाली. "सकाळपासून चौथी खेप. परवा खेकडा दाराशी आला होता, त्याला असा हाकलला की विचारू नका. तुमच्या त्या नळीत तो जायचा नाही. मीही गेले नसते."

काकांच्या मोज्यातून पाणी टपटपत होतं. "तुला पहिल्या दिवसापासून दिसत होतं?"

"दुसऱ्या."

"मग सांगितलं का नाहीस? मी अकरा दिवस..."

"विचारलंत कुणी?" काकू म्हणाली. "मान मोजलीत, उशी मोजलीत, माझ्या जागी झोपूनही पाहिलंत. काय दिसतं गं तुला, एवढं एकदा विचारलंत?" मग तिचे डोळे माझ्याकडे वळले. "आणि तूही."

मला लाज वाटली. शंभर जणांचं रक्त तपासते मी, कुणाला काय होतंय ते विचारायची वेळच येत नाही, अशी आपली सवय. पण ही माझी काकू होती, आणि तिचा लाल खांदा बघून मी तिच्याऐवजी काकांशी बोलले होते.

काकूचा आवाज थोडा खाली आला. "अडीच-तीन महिने सगळे माझ्याकडे वरून वाकून बघताय. डॉक्टर, नर्सबाई, तुम्ही, ही. मी आपली खालून तुमच्या नाकपुड्या बघतेय. त्या एकट्याकडे मला वरून बघायला मिळत होतं. सांगितलं असतं तर तुम्ही त्याचीही वही केली असती."

काकांनी मोजे काढले, एक, मग दुसरा, आणि बादलीत टाकले. मला वाटलं आता ते उठून वही आणतील. ते उठले नाहीत.

"जन्मात पहिल्यांदा बरोबर वस्तू आणलीत," काकू पुन्हा चढ्या आवाजात सुरू झाली, आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार, "आणि तीच काढून टाकायला निघालात! काय म्हणावं या माणसाला? काखेत कळसा आणि बादल्या तीन!"

मी बॅटरी विझवली. काका अजून गुडघ्यांवरच होते, गाल काकूच्या उशीच्या कडेला टेकलेला, चष्मा तिरका झालेला. ते वर त्या चांदीकडे बघत होते. मग माझ्या आठवणीत पहिल्यांदा त्यांनी वहीसाठी नसलेला प्रश्न विचारला.

"अजून काय काय दिसतं गं तुला?"

"सांगते," काकू म्हणाली. "आधी डोकं बाजूला घ्या. मध्ये येतंय."